क्रेग मेगी : बिनकुंपणाचं रान

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये डोंगर बोडके दिसतात, आणि फोटोत तेच बोडकेपण फार देखणं येतं. पण एवढ्या पावसाच्या मुलखात झाडं गेली कुठे, हा प्रश्न सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला पडतोच. आधी लाकूडतोड, मग मेंढ्या आणि तांबडी हरणं. रेड डिअर, आपल्या सांबराचं भाऊबंद. लांडगा अठराव्या शतकापर्यंत संपला, त्यानंतर यांना खाणारं कुणी उरलंच नाही.

क्रेग मेगीला मी मुद्दाम गेलो. लॉख लॅगन या तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या डोंगरावर सिट्का स्प्रूस या लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या परदेशी सूचिपर्णी झाडाची लागवड व्हायची होती. १९८५ मध्ये सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेनं जमीन विकत घेतली, मेंढ्या हटवल्या, हरणं कमी केली. कुंपण मात्र घातलं नाही. घातलं असतं तर हरणं शेजारच्या डोंगरावर सरकली असती, एवढंच. शिवाय तारांवर आदळून रानकोंबड्यांच्या जातीचे पक्षी मरतात. कोरी आर्डर या डोंगरकुशीतल्या खोलगट दरीच्या वाटेवर आता बर्चची झाडं दाटलीयत, मधूनमधून रोवनची. रोपं पूर्वीही उगवायची, पण हेदरच्या बुटक्या झुडपांवर शेंडा आला की हरणं-मेंढ्यांकडून खुडली जायची.

आपल्याकडे गावं चराईबंदी करतात. इथे चरणारं जनावर रानटी, त्याला मालकच नाही. कायद्यानं जिवंत हरीण कुणाचंच नसतं. मारायचा हक्क तेवढा जमीनमालकाचा. म्हणून हरणं कमी करायची तर बंदूक. वन्यप्राणी मारणं म्हणजे गुन्हा, हे डोक्यात पक्कं बसलेल्या मला ते पचायला वेळ लागला.

त्यातही खरं काम माद्या मारण्याचं. शिंगवाला नर मारायला हौशी पाहुणे पैसे मोजतात, पण नर कितीही मारले तरी पिल्लं जन्मतच राहतात. माद्या मारण्याचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. दिवस आखूड, वारा बोचरा, आणि मारलेलं जनावर डोंगरावरून खाली ओढत आणायचं. हे करतात पगारी स्टॉकर, म्हणजे हरणांचे शिकारी. पाहुणे तेव्हा घरी शेकोटीपाशी. नर मारायला वर्षातला काही काळ बंदी असायची, ती २०२३ मध्ये उठवली गेली, तेव्हा बरीच नाराजी झाली.

शेजाऱ्यांशी कुरबुर तर चालायचीच. एका इस्टेटीला झाडं हवीत, दुसरीला पाहुण्यांसाठी भरपूर नर. हरणांना हद्द कुठली कळायला! एका डोंगरावर जागा झाली की पलीकडची येतात, आणि पलीकडचा मालक म्हणतो, ‘आमची हरणं मारली.’ मला विचाराल तर झाडं हवी असणाऱ्याची बाजू पटते. शेजारी फिरून चहा विचारणार नाही, ती गोष्ट वेगळी.

जाणार असाल तर स्पीन ब्रिज ते लॅगन रस्त्यावर ॲबरार्डरला गाडी लावा. कोरी आर्डरमधल्या तळ्यापर्यंतची वाट सोपी आहे. उन्हाळ्यात पँट मोज्यांत खोचा आणि परतल्यावर अंगावर गोचीड शोधा, तिच्यापासून लाइम रोग होतो. संध्याकाळी खानावळीत हरणाचं मटण मिळालं तर खा. मी दोनदा मागितलं.