कूलर, कोठी आणि एक निळी तार

आमचं यावल तालुक्यातलं घर म्हणजे आगगाडीचा डबा, रुंदीला बारा-तेरा फूट आणि लांबीला संपतच नाही. ओटा, ओसरी, मधलं घर, स्वयंपाकघर, परस, आणि परसाच्या टोकाला नवीन स्लॅबवर माझी खोली, जिथून मी पुण्याच्या ऑफिसचं काम करतो. जुन्या भिंती मातीच्या, दोन फूट जाड, उन्हाळ्यात त्यांच्यासारखं सुख नाही. पण फायबर येतं ओसरीत, आणि या भिंती पार करून माझ्यापर्यंत वायफायची एक कांडी यायची आणि लाजून परत जायची.

म्हणून दिवाळीत मेशचं किट घेतलं, म्हणजे वायफाय एकाकडून दुसऱ्याकडे पुढे देणारे तीन डबे. आईने एक हातात घेऊन विचारलं, हे मिठाचं का साखरेचं? एक डबा ओसरीत, दुसरा मधल्या घरात गव्हाच्या कोठीवर, तिसरा माझ्या टेबलावर. कुठे तार नाही, खिळा नाही, मोबाइलवर कांड्या फुल, मी खूश. मग स्पीड बघितला तर ओसरीत २०० एमबीपीएसच्या पॅकला १९० आणि माझ्याकडे ३५-४०.

या फुल कांड्यांनीच मला फसवलं. त्या फक्त सांगतात की तुमचा मोबाइल आणि शेजारचा डबा यांचं जमतंय. त्या डब्याचं मागच्या डब्याशी किती जमतंय, ज्याला बॅकहॉल म्हणतात, ते त्या सांगत नाहीत. पंगतीला एकच वाढपी असला तर काय होतं, तो भट्टीवरून वरणाची बादली आणायला गेला की पंगत बट्टी चुरून बसलेली, आणि तो वाढत असेल तेव्हा भट्टीकडे कोणी नाही. वायरलेसमध्ये मधला डबा तेच करतो, एकाच रेडिओवर मागचं ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे द्यायचं, दोन्ही एकदम होत नाही, म्हणून एका टप्प्याला स्पीड साधारण निम्मा. महागड्या किटमध्ये नुसती बादली आणायला वेगळा माणूस असतो, म्हणजे तिसरा बँड, लहरींची वेगळी पट्टी. आमचं किट दोन बँडचं, सेलमधलं.

तरी चाललं होतं. एप्रिलमध्ये मात्र सगळं बसलं. मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहून चित्र गोठायचं. दोन दिवस रिस्टार्ट केलं, कस्टमर केअरला फोन केले, मग तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो तर मधल्या घरात घरघरत उभा असलेला कूलर दिसला. कोठीच्या अगदी पुढ्यात. पत्र्याची बॉडी आणि पोटात साठ लिटर पाणी! धातू लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं, आणि वेगवान असली तरी वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर भिंती भेदायला आधीच अशक्त, २.४ वाली जरा चिवट पण हळू. खाली कोठी, तीही पत्र्याचीच. मी डबा कुठे ठेवलाय हे तेव्हा कळलं.

कूलर सरकवायचं नुसतं बोललो. बाहेर ४४ डिग्री. बाबा म्हणाले, "काबरं भो, तुझ्या इंटरनेटपायी आम्ही उकडून मरायचं का?" आणि थोड्या वेळाने केळीच्या हिशोबातून मान वर न करता, "पाटानं पाणी सोडलं तर शेवटच्या वाफ्याला काय पोचतं? नळी टाक की." बॅकहॉल शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नाही.

तर जळगावहून कॅट ६ ची, म्हणजे नेटवर्कची, निळी केबल आणली, ३५ मीटर. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या स्पीडला, १०० मीटरपर्यंत मुभा असते, म्हणजे आमची आगगाडी त्यात आरामात बसते. मातीची भिंत फोडायची नव्हती, म्हणून धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, नेली, आणि उन्हात तिचं प्लास्टिक तडकू नये म्हणून बाबांनी खळ्यातून ठिबकची जुनी १६ मिलीमीटरची काळी नळी काढून दिली. वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की दोन्हीकडून पिन काढून ठेवतो, तेवढी एक कटकट.

पिन बसवायला गावातला पोऱ्या आला. आठ तारा, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, अशा नखाने सरळ करत ओळीत लावल्या, कटकन दाबलं. स्पीड ९४. परत केलं, ९४. आता हा आकडाच बोलका आहे, कारण १०० एमबीपीएसचं काम तारांच्या दोन जोड्यांवर भागतं पण गिगाबिटला चारही लागतात. पिन उजेडात धरून बघितली तर शेवटची तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती, पाव इंच मागे राहिलेली. पोऱ्याने जीभ चावली, पिन छाटली, नवी लावली. १९२. हे तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट १९९९ सालीच ठरलंय, आणि मी सेलमध्ये डबे घेत बसलो होतो.

मधला डबा अजून बिनतारीच आहे, कोठीवरून उचलून कोनाड्यात ठेवला, आईच्या मोबाइलपुरतं भागतं. परवा धाब्यावर कुरडया घालायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मी मीटिंगमध्ये, खिडकी उघडी, आणि वरून आईचा आवाज आला, "अगं, त्या काळ्या नळीवर पाय नको देऊ, त्यात पोराचं ऑफिस आहे."