पलंग आधी, बाकी सगळं नंतर

आपल्याकडे फेंगशुई म्हटलं की लाफिंग बुद्धा, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, खिडकीतला विंड चाइम अशा वस्तू डोळ्यांसमोर येतात. हाँगकाँगला आल्यापासून मी इथल्या बऱ्याच घरांत गेले आहे, पण झोपायच्या खोलीत यातलं काहीच माझ्या पाहण्यात आलं नाही. इथली माणसं फेंगशुई मनापासून मानतात. मात्र त्यांचं पहिलं लक्ष असतं जागेकडे. पलंग कुठल्या भिंतीला आहे, झोपल्यावर दार दिसतं का, डोक्यावर काय येतं, हे आधी. वस्तूंचा विषय निघालाच तर सगळ्यात शेवटी.

गेल्या काही महिन्यांत बहिणीनं, मावशीनं आणि कॉलेजच्या दोन मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, की तिथे राहतेस तर बेडरूमसाठी खरी फेंगशुई काय ते सांग. म्हणून आमची खोली कशी लागली ते सविस्तर लिहिते.

त्याआधी थोडं या शहराबद्दल. इथे फेंगशुई घरापुरती राहत नाही. २००५ साली उघडलेल्या इथल्या डिस्नेलँडचं प्रवेशद्वार फेंगशुई तज्ज्ञांच्या सल्ल्यानं १२ अंशांनी फिरवलं होतं. न्यू टेरिटरीज भागातल्या एखाद्या गावाजवळ सरकारी काम निघालं आणि त्यानं गावाची फेंगशुई बिघडते असं गावकऱ्यांचं म्हणणं पडलं, तर शांतीच्या विधीसाठी सरकार पैसे देतं. त्या विधीला ‘तुन फू’ म्हणतात. सरकारी नियमात बसलेली ही गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. डोंगर कापला तर खालच्या गावाला काहीतरी होतं, हे निदान कुणीतरी ऐकून घेतं.

मला फेंगशुई समजायला लागली तीही अशाच एका गावात. लाय ची वो हे हाक्का लोकांचं तीनशे वर्षांहून जुनं गाव. शनिवार-रविवारी मा लिउ शुईच्या धक्क्यावरून बोट जाते. एकमेकांना चिकटून असलेल्या बैठ्या घरांच्या रांगा, पुढे मोकळं पटांगण आणि गावामागे चढावर चंद्रकोरीसारखं दाट रान. याला फेंगशुईचं रान म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या कुणी त्यावर कुऱ्हाड चालवलेली नाही. आपल्या देवराया आठवल्या. हे रान हिवाळ्यातला बोचरा वारा अडवतं, पावसाळ्यात डोंगराची माती धरून ठेवतं. पाठीशी उंच आधार, डाव्या-उजव्या हाताला डोंगराच्या सोंडा, समोर मोकळं आणि पाणी. पाठीशी काळं कासव, डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ, समोर लाल पक्षी, ही नावं ज्या रचनेला आहेत ती रचना तिथे पायाखाली होती.

बेडरूमचे नियम सगळे इथूनच निघतात. पलंग म्हणजे ते गाव. उशीमागची भरीव भिंत हा पाठचा डोंगर, दोन बाजूंची दोन छोटी टेबलं म्हणजे ड्रॅगन आणि वाघ, पायांकडची मोकळी जागा म्हणजे पटांगण. हे एकदा लक्षात आलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता आमची खोली. दहा फूट बाय आठ फूट, आणि इथल्या मानानं ही चांगली ऐसपैस म्हणायची. पूर्वेच्या भिंतीत उत्तर टोकाला दार. पश्चिमेला बे-विंडो. उत्तरेच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. दक्षिणेची भिंत सलग, पण तिच्या माथ्यावर छताखाली काँक्रीटचा जाडजूड बीम.

बे-विंडो हे हाँगकाँगचं खास प्रकरण आहे. खोलीच्या फरशीपासून किमान ५०० मिलिमीटर उंच आणि भिंतीबाहेर ५०० मिलिमीटरपर्यंत काढलेली खिडकी इमारतीच्या क्षेत्रफळात धरली जात नसे. त्यामुळे बिल्डरांनी जिथे तिथे अशा खिडक्या काढल्या. खोली लहान असली की लोक त्या कट्ट्याला लागूनच पलंग जोडतात आणि खिडकीत डोकं करून झोपतात. जागा वाचते, पण फेंगशुईत ही सर्वांत वाईट जागांपैकी एक. पाठीशी डोंगर हवा, तिथे काच आणि पंचवीस मजल्यांची पोकळी. मला यात गूढ काही वाटत नाही. टायफूनचा आठ नंबरचा सिग्नल लागतो तेव्हा त्या काचा कशा थरथरतात ते एकदा ऐकलं, की कानाशी खिडकी असलेल्या माणसाला झोप कशी लागावी हा प्रश्न आपोआप पडतो.

शेजारच्या पोपोंनी (आजीच्या वयाच्या बाईंना इथे असंच हाक मारतात) सामान यायच्या आधीच खोली पाहायचं ठरवलं होतं. आल्या, आणि रिकाम्या फरशीवर सरळ आडव्या झाल्या. ऐंशीच्या घरातल्या बाई! आधी डोकं उत्तरेला करून, मग पूर्वेला, मग दक्षिणेला. प्रत्येक वेळी मान न वळवता दार दिसतंय का ते बघत होत्या. मी शिकलेली ही पहिली आणि सगळ्यांत उपयोगी रीत. खोली उभं राहून बघायची नाही, पडून बघायची.

उत्तरेची भिंत त्यांनी पहिल्या फटक्यात बाद केली. न्हाणीघराच्या भिंतीला उशी नको. मार्च-एप्रिलमध्ये इथे हवेत इतका दमटपणा असतो की भिंतींना घाम सुटतो, आणि नळाचे पाइप असलेल्या भिंतीवर बुरशी आधी धरते. शिवाय रात्री कुणी फ्लश केला की त्याचा आवाज थेट उशीत. पूर्वेला डोकं केलं तर दार एका बाजूला, पाय खिडकीकडे आणि दार-खिडकीच्या मधल्या वाऱ्याच्या वाटेत माणूस. गुओ पु (इ. स. २७६ ते ३२४) यांच्या नावावर असलेल्या, दफनभूमीच्या निवडीवरच्या जुन्या ग्रंथात म्हटलं आहे की ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, वाऱ्यावर स्वार होऊन विखुरते आणि पाण्यापाशी येऊन थांबते. दार आणि खिडकी यांच्या मधोमध ती थांबत नाही, धावत सुटते. म्हणून त्या रेषेत पलंग नको.

राहिली दक्षिणेची भिंत. तिथून दार तिरकं समोर दिसतं आणि पाय थेट दाराकडे होत नाहीत. पाय दाराकडे असण्याला इथे फार भितात, कारण घरातून प्रेत तसंच नेतात. आपल्या घरांतही ‘दाराकडे पाय करून झोपू नकोस’ हे कुणी ना कुणी सांगितलेलं असतंच. दार दिसायला हवं, पण दाराच्या तोंडावर नको, या जागेत पाठ सुरक्षित असते आणि कोण आलं ते कळतं. शरीर तेव्हाच सैल पडतं. मला वाटतं, सगळ्या फेंगशुईतला हा एक नियम पाळला तरी बरंच काम होतं.

बीमचं काय करायचं? बीमखाली झोपलेल्या माणसावर ओझं येतं असं मानतात, आणि तो छातीवरून आडवा जात असेल तर फारच वाईट. आमचा बीम डोक्याच्या भिंतीलगत होता. त्यावर इथला ठरलेला उपाय म्हणजे बीमच्या जाडीइतकं खोल एक बुटकं कपाट पलंगाच्या डोक्याशी बांधायचं. उशी त्याच्या पुढे सुरू होते, म्हणजे डोक्यावर बीम येत नाही, पाठीशी भरीव आधार मिळतो, आणि पांघरुणं ठेवायला जागाही होते. खोलीचा एक फूट गेला, पण तो सत्कारणी लागला.

त्या कपाटासाठी आलेल्या सुताराची टेप मी बराच वेळ हातात घेऊन बघत होते. सेंटिमीटरच्या आकड्यांसोबत दोन ओळींत चिनी अक्षरं, काही लाल म्हणजे शुभ, काही काळी म्हणजे अशुभ. वरची ओळ जिवंत माणसांच्या घरासाठी, खालची थडगी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी. वरच्या ओळीत साधारण ४२.९ सेंटिमीटरचं एक माप धरून त्याचे आठ भाग करतात. धन, आजार, ताटातूट, असे एकेका भागाला अर्थ असतात. कपाटाची उंची काळ्यात येत होती. सुतारानं काही न बोलता ती थोडी वाढवून लाल अक्षरावर आणली आणि पेन्सिलीची खूण केली. मी सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं. कामाची पद्धतच तशी. आपल्या जुन्या सुतारांकडे माप शुभ की अशुभ ते ठरवायचा आय-व्ययाचा हिशेब असायचा, तो जवळजवळ हाच.

आरशाचं थोडक्यात सांगते. पलंगाचं प्रतिबिंब पडेल असा आरसा नको. घरमालकाच्या कपाटाच्या दारावर मोठा आरसा होता. ते कपाट न्हाणीघराच्या भिंतीला, म्हणजे नेमकं पायांसमोर आलं. आम्ही दार काढून आरसा आतल्या बाजूला बसवून घेतला. रात्री पाणी प्यायला उठल्यावर समोर कुणीतरी हललं असं वाटून दचकायचं थांबलं.

पलंगाखालची जागा रिकामी ठेवा असं प्रत्येक जण सांगतो, आणि हाँगकाँगमध्ये ते जवळजवळ कुणालाच जमत नाही. इथे घरोघरी हायड्रॉलिक बॉक्स बेड आहेत. मी एका सीफूंना, म्हणजे फेंगशुईच्या गुरुजींना, हे विचारलं. त्यांनी वाद घातला नाही. खाली धुतलेल्या चादरी, रजया, हिवाळी कपडे ठेवा, म्हणाले. बूट, मोडकी यंत्रं, लोखंडी अवजारं आणि जुनी बिलं ठेवू नका. आणि वर्षातून एकदा सगळं बाहेर काढून पुसून घ्या. इथल्या दमट हवेत हे वेगळं सांगायला नकोच, पण शास्त्र म्हणून सांगितलं की माणूस करतो.

पलंगाला इथे किती मान आहे ते मला पोपोंच्या नातवाच्या लग्नात कळलं. तुंग सिंग नावाचं पंचांग घरोघर असतं, आणि त्यात रोजच्या पानावर काय करावं, काय टाळावं याची यादी असते. लग्न, प्रवास, पाया खणणं यांच्या जोडीला ‘पलंग मांडणं’ हेही त्यात वेगळं दिलेलं असतं. लग्नाआधी तसा दिवस बघून नवा पलंग जागेवर सरकवतात. हे काम ‘होऊ मेंग पो’ करते, म्हणजे जिचा नवरा हयात आहे, मुलं-लेकरं आहेत, संसार भरलेला आहे अशी बाई. आपली लेकुरवाळी सवाष्णच! तिनं ड्रॅगन-फिनिक्सची लाल चादर अंथरली, वर लाल खजूर, कमळाचे गड्डे आणि बिया, सुकी लाँगन फळं, शेंगा आणि पैशांची लाल पाकिटं मांडली. मग घरातलं एक गुटगुटीत पोर पलंगावर लोळवलं. त्यानंतर लग्न होईपर्यंत त्या पलंगावर कुणी बसायचं नाही. ओटी भरतानाचं आपलं सगळं तिथे वेगळ्या फळांत मला दिसत होतं, आणि माझे डोळे भरून आले. पोपोंनी पाहिलं आणि माझ्या हातात मूठभर खजूर कोंबले.

आता दिशा. घरच्यांच्या प्रश्नांत हीच सगळ्यात वर असते, पण सीफू तिला मुद्दाम मागे ठेवतात. आधी खोलीची रचना, मग दिशा. आपल्या चांगल्या दिशा काढायची पद्धत अशी की जन्मसालाच्या शेवटच्या दोन अंकांची बेरीज एक अंक राहीपर्यंत करायची. जन्म सन २००० च्या आधीचा असेल तर पुरुषांनी ती १० मधून वजा करायची, बायकांनी तिच्यात ५ मिळवायचे आणि पुन्हा एक आकडा करायचा. चिनी सौर वर्ष ४ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं, म्हणून त्याआधीचा जन्म असेल तर मागचं साल धरायचं. १, ३, ४, ९ आले तर पूर्व गट, २, ६, ७, ८ आले तर पश्चिम गट. ५ आला तर पुरुषाला २ आणि बाईला ८ धरतात. पूर्व गटाला पूर्व, आग्नेय, दक्षिण आणि उत्तर या दिशा चांगल्या, पश्चिम गटाला पश्चिम, वायव्य, नैर्ऋत्य आणि ईशान्य.

नवऱ्याचं साल १९७९. ७ आणि ९ मिळून १६, त्याचे ७, आणि १० वजा ७ म्हणजे ३, पूर्व गट. माझं १९८२. ८ आणि २ मिळून १०, त्याचा १, अधिक ५ म्हणजे ६, पश्चिम गट. पलंग एक, माणसं दोन गटांची. आणखी पेच असा की ३ हा आकडा आलेल्या माणसाला तब्येतीसाठी सांगतात ती दिशा उत्तर, आणि सासूबाईंनी फोनवर पहिलंच वाक्य उच्चारलं होतं, ‘काहीही करा, उत्तरेला डोकं नको.’

सीफूंनी विचारलं, दोघांत झोप कुणाची कच्ची आहे? नवऱ्याची, कारण त्याला रात्रपाळी असते. मग त्याची दिशा धरा, म्हणाले. दक्षिण ही त्याच्या चार दिशांतली सगळ्यात वरची, आणि तिथली भिंत तर आधीच पसंत केलेली होती. तुमची दिशा तुमच्या टेबलाच्या खुर्चीला द्या, असं मला सांगितलं. मी पश्चिमेकडे तोंड करून लिहायला बसते. सासूबाईंना दक्षिणेला डोकं म्हटल्यावर काही तक्रारच उरली नाही.

एक व्यवहाराची सूचना. मोबाइलच्या कंपासवर दिशा बघणार असाल तर खोलीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर धरून बघा. भिंतीतल्या सळ्या, एसी आणि पलंगातलं लोखंड यांनी काटा हलतो. सीफूही त्यांचा लुओपान, म्हणजे फेंगशुईचा होकायंत्र, घेऊन दोन-तीन जागी उभे राहिले आणि सगळीकडे तोच आकडा आल्यावरच बोलले.

आमचा भाडेकरार पुढच्या वर्षी संपतो आणि घर बदलावं लागेल असं दिसतंय. या वेळी स्वयंपाकघर किती मोठं, समुद्र दिसतो का, हे नंतर बघू. आधी बेडरूममध्ये खिडकी, न्हाणीघर आणि बीम यांच्यापासून मोकळी एक सलग भिंत आहे का, आणि तिथून दार तिरकं दिसतं का, ते बघायचं ठरलंय. पोपोंनी बरोबर येते म्हणून सांगून ठेवलंय. एजंटसमोर फरशीवर आडवं व्हायला त्यांची काही हरकत नाही, आणि आता माझीही नाही.