वर्दी आणि बूट

मे महिन्यात आमच्याकडे डोकं खाजवायलाही वेळ नसतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत गणवेशाचे लॉट सोलापुरातून बाहेर पडलेच पाहिजेत. अशात भर दुपारी लाईट गेली. ओव्हरलॉक, काज-बटण, सगळ्या मशिनी बंद. लॅपटॉपमध्ये ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा सिनेमा होता, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोरांवरचा, 2022 चा, एडवर्ड बर्गरचा. मी तो लावून बसलो, तर कटिंग मास्तर मागे येऊन उभे. मग चेकिंगच्या अक्का. मग निम्मं युनिट.

सुरुवातीलाच एक पोरगा मरतो. त्याची वर्दी उतरवतात, धुतात आणि गठ्ठे शिवणखान्यात जातात. ओळीनं मशिनीवर बसलेल्या बायका फाटलेलं सांधतात. तीच वर्दी पॉल नावाच्या नव्या पोराला मिळते. आत दुसऱ्याचंच नाव! तो विचारतो, तर साहेब म्हणतो, त्याला लहान पडली असेल. आणि लेबल टरकावून टाकतो.

“मागं घ्या की ओ जरा,” अक्का म्हणाल्या. शिवणखाना पुन्हा बघितला. “त्या बायकांना कळतंय बघा. भोक कशाचं हे हाताला लागतंच.” मास्तरांचं मत वेगळं: रिजेक्ट माल फ्रेशमध्ये घातला, दुसरं काय.

ही वर्दीची गोष्ट रेमार्कच्या 1929 च्या मूळ कादंबरीत नाही, लुईस माइलस्टोनच्या 1930 च्या सिनेमातही नाही, असं मी सांगितलं. तिथे बूट आहेत. चांगल्या चामड्याचे बूट मेलेल्याच्या पायातून दोस्ताच्या पायात, तो मेला की तिसऱ्याच्या. तो सिनेमा भलताच झोंबला असणार. 1930 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये नाझी पुढारी गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात उंदीर सोडले, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, आणि काही दिवसांतच बंदी आली.

जुन्यात पॉल रजेवर घरीही येतो. ज्या शाळामास्तरानं भाषण ठोकून पोरांना भरतीला धाडलं, तो अजून नव्या पोरांपुढे तेच बोलतोय. पॉल खरं सांगतो, तर पोरं त्यालाच भेकड म्हणतात. आई आजारी, अंथरुणात.

“मग नव्यात घरी येतच नाही?”

नाही. त्या जागी रेल्वेच्या डब्यात जर्मन पुढारी एर्झबर्गर तहाची बोलणी करतोय. नव्याला चार ऑस्कर मिळाले, चिखल आणि रणगाडे तर अंगावर येतात. पण रजा कापली तिथे सिनेमाचा कणाच काढला, असं मला वाटतं. शेवटही तसाच. कादंबरीत पॉल ऑक्टोबर 1918 मध्ये मरतो, इतक्या शांत दिवशी की अहवालात कळवण्यासारखं काहीच नसतं. नव्यात तो 11 नोव्हेंबरला, युद्ध थांबायला काही क्षण उरलेले असताना मरणाचा घाव खातो. म्हणजे घड्याळ लावून रडवायचं. जुन्यात फुलपाखराकडे हात जातो आणि गोळी लागते, बस्स. तो हात खुद्द माइलस्टोनचा.

मास्तरांना पटलं नाही. “घरी गेला असता तर आपण आईकडेच बघत बसलो असतो. यात सुटका नाही, तेच बरोबर.” अक्का चिडल्या. “आईला काढून टाकली आणि म्हणे बरोबर! त्या लेबलावर नाव घालणारं कोणी असेल की नाही घरात?”

तेवढ्यात लाईट आली. दोघं आपापल्या टेबलावरून भांडतच राहिले, मशिनींच्या आवाजामुळे आणखी मोठ्यानं. संध्याकाळी अक्कांनी जुना सिनेमा मागितला. ब्लॅक अँड व्हाइट आहे, दोन तासांच्या वर आहे, म्हटलं. “असू दे. सीझन संपला की लावा. मास्तरांना पुढं बसवा.”