वाचनाचा एक आकडा पुरत नाही

पालकसभेत 'आमच्या मुलाला वाचता येतं का?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायचं ते गुणपत्रकातलं. दहापैकी सात. त्या सातावरून उद्या वर्गात काय शिकवायचं, हे मात्र कळत नव्हतं. म्हणून मागच्या वर्षी प्रत्येक मुलाला स्वतंत्र बसवून ऐकायचं ठरवलं.

उतारा निवडण्यातच बराच वेळ गेला. पाठ्यपुस्तकातला चालत नाही, कारण निम्म्या मुलांचा तो तोंडपाठ असतो. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर, असंही वाचन मी पाहिलेलं आहे. शेवटी साधारण शंभर शब्दांचे अनोळखी उतारे जमवले. सोपी जोडाक्षरं, मग रफार, मग लांब वाक्यं, अशा चढत्या क्रमाने. शंभर शब्दांचा फायदा असा की चुका मोजल्या की टक्केवारी तोंडी निघते.

पद्धत न्यूझीलंडच्या वाचनतज्ज्ञ मेरी क्ले यांची. मूल वाचतं, आपण आपल्या प्रतीवर खुणा करतो. बरोबर शब्दाला बरोबरची खूण, बदललेला शब्द जसा उच्चारला तसा वर लिहायचा, गाळलेल्याला आडवी रेघ. मुलाने स्वतःच दुरुस्त केलं तर 'स्व' लिहायचं आणि ती चूक धरायची नाही. ९५ टक्के किंवा वर अचूक असेल तर तो मजकूर मुलाला एकट्याने झेपतो, ९० ते ९४ असेल तर शिकवायला योग्य, त्याखाली अवघड. हे आकडे मार्गदर्शनापुरतेच. खरा ऐवज खुणांमध्ये असतो.

उताऱ्यात वाक्य होतं, 'ढग गडद झाले.' एका मुलीने वाचलं 'ढग काळे झाले', एका मुलाने 'ढग गडबड झाले'. मोजणीत दोघांची एकेकच चूक. पण ती अर्थ धरून चालली होती आणि अक्षरांकडे नीट बघत नव्हती. तो पहिली दोन अक्षरं बघून ओळखीचा शब्द ठोकून मोकळा झाला, वाक्याला अर्थ उरला नाही याची त्याला दखलही नव्हती. या दोघांना एकच सराव देऊन काय उपयोग?

घरच्या बोलीत 'पानी', 'साळा' म्हणणाऱ्या मुलाने 'पाणी', 'शाळा' तसंच वाचलं, तर मी ती वाचनाची चूक धरत नाही. त्याने शब्द ओळखलाय. यावर शिक्षकांच्या खोलीत वाद झाला, अजूनही होतो.

मग आकलन. इथे मला सर्वांत कामी आलं ते गॉफ आणि टन्मर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र: वाचन म्हणजे शब्दओळख गुणिले ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य तर सगळं शून्य. ते वर्गात तपासता येतं. वाचून उत्तरं आली नाहीत, तर त्याच पातळीचा दुसरा उतारा मीच वाचून दाखवायची आणि तसेच प्रश्न विचारायची. ऐकून धडाधड उत्तरं आली तर गाडी अक्षरांपाशी अडली आहे. ऐकूनही आली नाहीत, तर शब्दसंग्रह आणि गप्पागोष्टींपासून सुरुवात. घडाघडा वाचणारी काही मुलं या दुसऱ्या गटात निघाली. आजवर त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

एकाला ऐकताना बाकीच्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. रोज तीन-चारच मुलं घ्यायची, बाकीच्यांना चित्र बघून लिहायला द्यायचं. गोंगाट होतोच.

त्या लेखनातून दुसरं काम निघालं. श्रुतलेखनात 'गर्दी'चं 'र्गदी' आणि 'चक्र'चं 'चर्क' करणारी मुलं लगेच सापडतात. रफार उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, गोंधळ होणारच. पण श्रुतलेखनातून मुलाला स्वतःचं काही लिहिता येतं का, ते समजत नाही. म्हणून स्वतंत्र लेखनासाठी विचार, मांडणी, वाक्यरचना आणि शुद्धलेखन असे चार वेगळे रकाने केले. सुबक अक्षरातल्या निर्दोष दोन ओळी आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेलं, पण आदि-मध्य-अंत असलेलं पानभर लेखन, यांना एकाच मापाने तोलणं मला पटत नाही.

रकान्यात 'चांगली मांडणी' असं लिहून भागत नाही. सहकारी शिक्षिकेने आणि मी त्याच वह्या नावं झाकून वेगवेगळ्या तपासल्या, तेव्हा आमच्या पातळ्या जुळेनात. मग शब्द बदलले: 'एकाच विषयावरची किमान तीन वाक्यं, एकमेकांना जोडलेली.' त्यानंतर मतभेद बरेच कमी झाले, पण 'विचार' या रकान्यात ते अजून आहेत.

आता गट रोल नंबरवर पडत नाहीत. रफाराचा गट आठवड्याभरात मोडला, आकलनाचा मात्र वर्षअखेरपर्यंत टिकला. एक मुलगी मोठ्याने वाचताना अडखळते, मनात वाचायला दिलं की सगळी उत्तरं बरोबर देते. तिच्या नोंदवहीत मी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. टक्केवारीचा रकाना रिकामा आहे.