आमची वाटचाल : किलोवॉटकडून किरणाच्या आकाराकडे

लेझर कटिंग यंत्रांची खराब झालेली संरक्षक काच बदलणे आणि फोकस पुन्हा जुळवून देणे, एवढ्याच कामावर आमचा व्यवसाय सुरू झाला. जाड पोलादाच्या वेल्डिंगकडे आम्ही वळलो ते एका ग्राहकाच्या तक्रारीमुळे. त्याने मोठ्या शक्तीचा फायबर लेझर (काचेच्या तंतूत किरण तयार करणारा लेझर) घेतला होता, पण १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटचा जोड आडवा कापून पाहिला, तेव्हा तळाशी बारीक छिद्रांची रांग निघाली आणि वरचा पृष्ठभाग शिंतोड्यांनी खरबरीत झालेला होता.

शक्ती वाढवली की भागेल, असे तेव्हा आम्हालाही वाटत होते. प्रत्यक्षात किरणाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० लाख वॉटच्या घरात गेली, की पोलाद नुसते वितळत नाही, तर त्याची वाफ होते. त्या वाफेच्या दाबाने अरुंद, खोल विवर तयार होते आणि किरण त्याच्या भिंतींवरून परावर्तित होत आत उतरतो, म्हणून एकाच फेरीत एवढी खोली मिळते. हे विवर मध्येच मिटले तर वाफ आत कोंडते आणि धातू गोठताना तिथे छिद्र राहते. त्यामुळे आम्ही मधल्या तीव्र ठिपक्याभोवती सौम्य प्रकाशाचे कडे बसवायचे ठरवले, जेणेकरून विवराचे तोंड रुंद राहून वाफेला वाट मिळेल.

पहिला प्रयत्न फसला, आणि दोष सर्वस्वी आमचाच होता. कमी शक्तीवर कॅमेऱ्यात कडे अगदी देखणे दिसले. पूर्ण शक्ती दिल्यावर मात्र मिनिटभरातच फोकस सरकला आणि जोड उथळ होत गेला. भिंगावर हाताळताना राहिलेला तेलाचा पुसटसा थर प्रकाश शोषून तापत होता, आणि काच तापली की तिची प्रकाश वळवण्याची क्षमताही बदलते. तेव्हापासून पूर्ण शक्तीवर मोजल्याशिवाय भिंगांचा एकही संच आम्ही बाहेर पाठवत नाही. मोजणीचे उपकरण आमच्या ऐपतीच्या मानाने महाग पडले, तरी ते आधीच घ्यायला हवे होते.

तांब्याचे काम आम्ही अद्याप स्वीकारत नाही. फायबर लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास असते. असा बहुतेक प्रकाश थंड तांबे परत फेकते, आणि तो परतून आमच्याच भिंगांवर येतो.