पोपटीसाठी पोयनाडपर्यंत

डिसेंबर लागला की आमच्या दुचाकीस्वारांच्या गटात एकच विचारपूस सुरू होते: वालाच्या शेंगा भरल्या का? रायगड जिल्ह्यात भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात, आणि थंडी पडून दव उतरू लागले की शेंगा धरतात. त्याच सुमारास शेताच्या बांधांवर भांबुर्डी ही उग्र वासाची रानवनस्पती माजलेली असते. या दोहोंची गाठ पडल्याशिवाय पोपटी, म्हणजे पाला आणि शेंगा मडक्यात भरून जाळात भाजायचा बेत, लागत नाही, त्यामुळे आमच्या सहलीचा दिवस पोयनाडजवळच्या खेड्यातले आमचे यजमान काका ठरवतात आणि आम्ही त्याप्रमाणे सुट्टी जुळवून घेतो. हल्ली शहरातही कुठे कुठे पोपटी मिळू लागली आहे. परंतु गॅसवरच्या पातेल्यातून आलेल्या शेंगांना पोपटी म्हणायला माझे मन धजत नाही.

शनिवारी सकाळी निघायचे, रात्री गावात मुक्काम करायचा आणि रविवारी परतायचे, असा आमचा शिरस्ता आहे. पोपटी ही मुळात थंडीच्या रात्री शेकोटीभोवती खायची गोष्ट असून, ती एका दिवसाच्या धावत्या फेरीत बसवली की जेवणही घाईत उरकते आणि अंधारात गाडी हाकण्याची जोखीमही पत्करावी लागते. अटल सेतूवर दुचाकींना परवानगी नाही, म्हणून चेंबूरला जमून वाशीच्या खाडीपुलावरून पनवेल गाठावे लागते. डोंबिवलीची मंडळी शिळफाट्यावरून येऊन कळंबोलीला मिळतात. पुढे कर्नाळ्याच्या झाडीतून पेण आणि तिथून वडखळ. मुंबई-गोवा महामार्गाच्या या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. शिवाय अवजड वाहनांची वर्दळ मोठी असल्यामुळे इथे शिस्त सोडून चालत नाही. वाट माहीत असलेला चालक सर्वांत पुढे, तितकाच जाणता दुसरा सर्वांत मागे आणि नवखे मध्ये; मोकळ्या रस्त्यावर तिरकी रांग, वळणांवर एकामागे एक, आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे. पेणला थांबायचे ते पोह्यांच्या पापडांसाठी आणि मिरगुंडांसाठी.

वडखळला अलिबागचा रस्ता धरला की वेग आपोआप उतरतो, आणि पोयनाड सोडून आतल्या वाटेला लागल्यावर तर दोन्ही बाजूंना वालाची शेतेच सोबत करतात. गावात शिरताना गाड्यांचा आवाज करायचा नाही आणि विचारल्याशिवाय कोणाच्या शेतात पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला निघण्यापूर्वीच सांगितले जाते.

दुपारी काकू आम्हाला बांधावर नेतात. भांबुर्डीचे पान चुरडून नाकाशी धरले की उग्र, कापराच्या अंगाचा दर्प येतो, आणि पाला ओळखायचा तो या वासावरूनच. मग अंगणात मडके भरायला बसायचे. तळाशी आणि कडेने पाल्याचा जाड थर, त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या अख्ख्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, रताळी आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च दाबून बसवायचा. पाण्याचा किंवा तेलाचा एक थेंबही घालायचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा रस हीच वाफ, आणि ती कोंडून राहावी म्हणून मडके उपडे ठेवायचे. कडेला लावलेल्या पाल्यामुळे शेंगा तापलेल्या मातीला चिकटत नाहीत. सभोवार गवत, पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचून जाळ केला की अर्ध्यापाऊण तासात सुवास बदलू लागतो. काका मडक्यावर पाण्याचा हबका मारतात, आणि पाणी चर्रकन आटले की पोपटी झाली असे समजायचे.

मडके काठीने ओढून केळीच्या पानांवर रिकामे केले की आधी वाफेचा लोट येतो आणि मग हिरव्याच्या तपकिरी झालेल्या, सुरकुतलेल्या शेंगा दिसतात. त्या सोलताना बोटे भाजतात, तरीही थांबवत नाही. दाणा मऊसूत, किंचित कडवट, ओव्याचा आणि पाल्याचा वास आतपर्यंत मुरलेला. कोंबडीचे कौतुक सगळेच करतात. माझ्या मते मात्र पोपटीचा खरा मान शेंगांचा आहे, आणि नुसत्या शेंगांची पोपटीही तितकीच परिपूर्ण असते. सोबत तांदळाची भाकरी असली की आणखी काही लागत नाही.

या पाहुणचाराचे पैसे आम्ही आग्रहाने देतो. शेंगा शेतातल्याच असल्या तरी पाला खुडणे, मडके, लाकूडफाटा आणि दोघांचा अख्खा दिवस यांचे मोल असते, आणि शहरातून येणाऱ्यांनी ते आपुलकीच्या नावाखाली बुडवू नये, असे मला मनापासून वाटते. प्लॅस्टिकचा कचराही आम्ही ज्याचा त्याने बॅगेतून परत आणतो.

परतीला आम्ही मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला येणारी रो-रो बोट पकडतो. तिच्यावर दुचाकी चढवता येते आणि महामार्गाचा शीण वाचतो. जानेवारी सरता सरता गेलात तर या बाजूला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या विणलेल्या माळाही मिळू लागतात. भौगोलिक मानांकन लाभलेला हा गोडसर कांदा शक्यतो शेतकऱ्याकडूनच घ्यावा, कारण त्याच्या नावावर बाहेरचा पांढरा कांदाही खपवला जातो. माळ बॅगेत कोंबू नये. सीटच्या मागे जाळीने सैलसर बांधावी आणि घरी आल्यावर हवेशीर जागी टांगावी, म्हणजे कांदा पुष्कळ दिवस टिकतो.