तुम्ही विचारलंत म्हणून : चित्रं देऊन पोरगा बोलणार कसा?

"चित्रं दाखवूनच सगळं भेटून राहिलं, तर पोट्टा बोलन काहून?" माझा मुलगा अजून बोलत नाही, हवं ते चित्राचं कार्ड हातात देऊन मागतो, म्हणून बाजारात, एसटीत, हळदीकुंकवाला हेच विचारता. काळजीनं विचारता, हे कळतं मला. तरी आता एकदा नीट सांगते.

यवतमाळकडचं मे महिन्यातलं लग्न. मांडवात डीजे, बाहेर ऊन पेटलेलं. माझा ऑटिझम असलेला मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्यानं एका नातेवाइकांचा हात धरून त्यांना पाण्याच्या कॅनपाशी ओढत नेलं. तो असंच मागायचा, दुसऱ्याचा हात धरून. त्यांनी गिलास भरला आणि उंच धरला. "पानी म्हन, मंग देतो." ओठ हलले, आवाज नाही. "म्हन ना बे!" चार जण जमले, सगळे मिळून "पानी, पानी" ओरडायला लागले. त्यानं आधी कान झाकले, मग स्वतःचं मनगट चावलं, रक्त निघेस्तोवर. मी गिलास हिसकावून त्याच्या तोंडाला लावला, तर मलाच ऐकवलं, "तूच त्याले मुकं ठेवून राहिली."

तहानलेल्या लेकराची परीक्षा घेतात का हो?

कार्डं त्यानंतर आली. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्रात, शिकवली. छापील नळाचं चित्र त्याला उमगेना, म्हणून आमच्याच माठाचा फोटो काढून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून आणला. सुरुवातीला मी समोर बसायची आणि त्याचे बाबा मागून त्याचा हात धरून कार्ड माझ्या हातात द्यायला लावायचे. कार्ड आलं की लगेच पाणी. "पाणी" मी म्हणायचं, त्याच्यासाठी अडून बसायचं नाही. "नको"चंही कार्ड आहे आणि ते पाळणं फार जड जातं. वरण नको म्हटलं की ताट उचलावं लागतं.

अशा कार्डांनी बोलणं थांबतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचं तर थोडं वाढतं. सगळ्यांचं नाही.

आधीची मी अजून भांडते माझ्याशी. ती म्हणते, कार्डं म्हणजे हार मानणं. तिला खोटं कसं ठरवू? त्याच्या तोंडून "आई" ऐकायची आस माझीही सुटलेली नाही. हल्ली कार्ड देताना तो कधीकधी "पा" म्हणतो. कार्डामुळं की वाढत्या वयामुळं, कोण सांगणार?

आमच्याकडं आलात आणि त्यानं तुमच्या हातात कार्ड ठेवलं, तर माठ दारामागं आहे, गिलास वरच उपडा असतो. त्याला म्हणायला लावू नका. पाणी देताना तो शब्द तुम्हीच म्हणा.